वाकुर्शीची पाणंद आणि दोन सुना

मी सांगितलं ते कुणालाच खरं वाटलं नाही. वाटलं असेल तर तसं कुणी तोंडावर दाखवलं नाही, आणि माझ्या लेखी दोन्ही एकच.

मागच्या थंडीत शहरातून चार-पाच माणसं आमच्या वाकुर्शीत आली होती. वाटांची नावं गोळा करत गावोगाव फिरत होती. पायवाट, आडवाट, बैलवाट, पाखाडी, कुठं कशाला काय म्हणतात आणि का म्हणतात, एवढंच विचारायची. माणसं भली होती. माझे चुलत दीर हिंदुराव भाऊजी त्यांना गाव दाखवत होते. गावात पाहुणे आले की भाऊजी इस्त्रीची टोपी काढतात. पाणंदीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी सांगितलं, ही नदीच्या पाण्याला जाणारी वाट, पाण्याची म्हणून पाणंद. पाहुण्यांनी माना हलवल्या. मी तिथंच गोवऱ्या थापत होते. मी म्हटलं, "भाऊजी, अर्धंच सांगितलंत, आणि तेही चुकीचं." मग हात धुतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ऐकून त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "ताई, छान सांगता हो तुम्ही."

छान. खरं वाटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग पुढं त्या बाईचं काय झालं?

भाऊजी हसले. "वहिनींचं मनावर घेऊ नका. त्यांचं देवाशीसुद्धा पटत नाही."

म्हणून लिहून काढते. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, तेवढी या कामाला पुरते. वाचणाऱ्यानं खरं मानायचं की नाही ते त्याचं त्यानं बघावं.

आधी पाणंद कशी आहे ते सांगते. वेशीतून निघते आणि नदीच्या पाणवठ्यावर जाते. पाणवठ्याच्या पलीकडं हाकेवर मसणवटा आहे. म्हणजे घागर घेऊन जायची वाट तीच आणि तिरडी न्यायची वाटही तीच, गावाला दुसरी नाही. वरच्या अंगाला वरचा मळा, खालच्या अंगाला खालचा मळा, आणि दोन्हीकडून शेराचं कुंपण. शेर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, त्याला पान दिसत नाही की काटा नाही. हिरव्या बोटांसारख्या कांड्यांचं नुसतं जाळं असतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. कांडी मोडली की दुधासारखा चीक गळतो. अंगाला लागला तर फोड येतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. फांदी तोडून पावसात मातीत खोचली की झाली, तिला ना खत लागतं ना राखण.

आमची पाणंद सगळीकडं सारखी रुंद आहे. दोन बाया कमरेवर हात ठेवून शेजारी शेजारी चालल्या तर त्यांची कोपरं शेराला लागत नाहीत. मधे करंजाच्या झाडापाशी वळण आहे, तिथंही लागत नाहीत. पाहुण्यांना नवल वाटलं ते याचंच. आसपासच्या गावांच्या पाणंदी कधीच मेल्या. बांधावरचा माणूस दर साली नांगराचं एक तास, म्हणजे एक सरी, वाटेत घालतो, कुंपण हळूच पुढं घेतो, आणि एक दिवस तिथून शेळीसुद्धा जात नाही. आमची का मेली नाही, त्याची ही हकिकत.

फार मागं, असं सांगतात, या वाटेला नाव नव्हतं. नुसती वाट म्हणायचे. वरचा मळा येसबाचा होता आणि खालचा भानाजीचा. दोघं एका वयाचे, एका तालमीतले, आणि दोघांच्याही मानेत वाकायचं हाड नव्हतं. ती वाट दर पावसाळ्यानंतर थोडी थोडी अरुंद व्हायला लागली. एका साली बैलाच्या पाठीवरची गोणी शेराला घासली. पुढच्या साली दोन माणसं समोरासमोर आली की एकाला अंग चोरावं लागलं. येसबा म्हणायचा, भानाजी शेर पुढं घेतोय. भानाजी म्हणायचा, येसबा घेतोय. दोघंही खंडोबाची भंडार उचलून सांगायचे की मी नाही लावला.

आणि म्हणे, दोघांनीही बघितलं होतं. आषाढाच्या झडीत, घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतलेला माणूस कुंपणाशी वाकलेला येसबानं आपल्या पडवीतून बघितला. भानाजीनं आपल्या गोठ्यातून बघितला. खोळ पांघरली की सगळी माणसं एकसारखी. येसबाला तो भानाजी दिसला आणि भानाजीला तो येसबा दिसला. पावसात धावत जाऊन खोळ ओढायची बुद्धी दोघांतल्या एकालाही झाली नाही. ज्याची खात्री झालेली असते तो बघायला जात नाही.

मग गाऱ्हाणं चावडीत जायचं. चावडीत न्यायाला थोरले बसायचे. सगळं गाव त्यांना थोरलेच म्हणायचं, त्यांचं नाव कुणी घेत नसे. मीही आत्ता घेत नाही. आमच्यात त्यांचं नाव घ्यायची वेळ आणि जागा ठरलेली आहे, ती आली की घेईन. शेती मुलांच्या हाती देऊन ते चावडीत बसले होते. बोलणं गोड, आवाज हळू, आणि अंगावर कायम घोंगडी, उन्हाळ्यातही. थंडीची बाधा आहे म्हणायचे. ते दोघांचं ऐकून घ्यायचे आणि अर्धा न्याय द्यायचे. येसबाला म्हणायचे, तुझं खरं दिसतंय, पण साक्ष आण. भानाजीला म्हणायचे, तुझंही खरं दिसतंय, पण जरा थांब. अर्ध्या न्यायाची गोम अशी आहे, की राहिलेल्या अर्ध्यासाठी माणूस परत येतो. दोघं येत राहिले. एक नवं तूप घेऊन यायचा, एक पहिल्या शेंगा. हळूहळू गावही दोन्हीकडं वाटलं गेलं. अर्धे येसबाच्या बाजूचे आणि अर्धे भानाजीच्या. मग सगळ्यांचीच भांडणं चावडीत यायला लागली, आणि थोरल्यांच्या ओट्यावर चपलांना जागा पुरेना.

अशात येसबाच्या घरी सून आली. तिचं नाव ठकू. वैशाखात लग्न झालं आणि नवी सून पाण्याला निघाली. तिच्या माहेरची चाल अशी होती, की परक्या गावात वाट चुकू नये म्हणून नवरीनं आपल्या लुगड्याच्या काठाची चिंधी वळणावर बांधायची. ठकूनं करंजापाशी वाटेच्या दोन्ही अंगांना, अगदी बाहेरच्या शेराच्या कांडीला, एक एक हिरवी चिंधी बांधली. बायका हसल्या. ही सरळ तर वाट, हिला चुकायला काय झालं?

आषाढ सरला, श्रावणही गेला. ठकू पाण्याला जाताना चिंध्या बघायची. एक दिवस तिला त्या दिसेनात. वाकून बघितलं तर होत्या, पण आत. त्यांच्या पुढ्यात शेराची नवी ओळ उभी होती. या अंगाला तशीच त्या अंगालाही.

घरी येऊन ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, माझी चिंधी मागं गेली."

सासू म्हणाली, "चिंधी न्हाई, तुझी अक्कल मागं गेली. भाकरी थाप."

तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याचं नाव सिदू. तो म्हणाला, "भानाजीचं काम आसंल."

"भानाजीनं त्याच्या अंगाला लावला म्हणू. मग आपल्या अंगाला कुणी लावला?"

सिदूनं आतल्या दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "हळू बोल. बा आत बसल्याती."

म्हणजे लेकाचाही बापावर संशय होता. भानाजीच्या घरात याहून वेगळं नव्हतं असं सांगतात. बाहेर भंडार उचलायची आणि घरात एकमेकांच्या नखातली माती बघायची, अशी गावाची दशा झाली होती.

ठकूला आणखी एक गोष्ट दिसली होती. तिनं माहेरी भाताची लावणी केली होती. लावणी केलेल्या बाईला विचारा, कुठली ओळ कुणी लावली ते ती सांगते. कुणी रोप दाट लावतं, कुणी तिरकं लावतं, प्रत्येकीचा हात वेगळा. वाटेच्या दोन्ही अंगांची नवी लावण एका हाताची होती. दांडे सारख्या अंतरावर, सारखे कलते, आणि प्रत्येक दांड्याच्या बुडाशी एकेक चपटा दगड दाबलेला. दोन वैऱ्यांचा हात असा जुळत नाही. ठकूनं हेही सांगितलं. सासूला सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं. भानाजीची सून वेणू पाण्याला यायची, पण वैऱ्याच्या घरची म्हणून दोघी बोलायच्या नाहीत. त्या दिवशी ठकू तिच्या पाठीला सांगून गेली. वेणूला घागर भरायला वेळ लागला, असं म्हणतात.

ठकूचं बोलणं चावडीत पोचलं. आणि तिथून उलटं फिरून आलं.

थोरल्यांनी येसबाला बोलावून घेतलं. म्हणाले, "येसबा, वाट मिटायला आली ती कधीपास्नं? तुझी सून उंबऱ्यात आल्यापास्नं. पोर पांढऱ्या पायाची हाय. ती चालती त्या वाटेवर शेर धावून येतोय. दसरा झाला की तिला माहेरी पोचीव, वाट आपुआप मोकळी हुईल."

येसबा म्हणाला, "वाट तर त्येच्या आदीपास्नं मिटतीय."

"मग ती मिटवणारा कोण, ते तूच सांग," थोरले म्हणाले. येसबानं चपला पायात घातल्या. सून पांढऱ्या पायाची निघाली तर आपल्यावरचा आळ जातो, एवढं त्याला कळत होतं. भानाजीलाही ते पटलं. त्याच्यावरचाही जात होता. त्या सालात दोघांचं एकमत झालं ते फक्त या एका गोष्टीवर.

पांढऱ्या पायाची म्हणून परत आलेली पोर म्हणजे काय, ते आजच्यांना सांगायला हवं. तिला दुसरं घर नाही. भाऊ-भावजय तिला चुलीशी बसू देत नाहीत, सवाष्णी तिच्या हातचं घेत नाहीत, आणि कुणाचं वासरू मेलं तरी तिचं नाव. मेलेल्या माणसाचं वर्षातून एकदा पान तरी वाढतात. हिचं तेही नाही. ठकूनं सासूचे पाय धरले. सासू वाईट नव्हती, पण भित्री होती. "थोरल्यांनी सांगितलं न्हवं," एवढंच ती म्हणत राहिली. सिदू रानात जाऊन बसला. दसरा तोंडावर आला होता.

आणि भाद्रपदाच्या वद्यात, पितरांच्या पंधरवड्यात, थोरले गेले. सकाळी उठून ओट्यावर आले, भिंतीला टेकले, ते टेकलेलेच राहिले.

सगळं गाव जमलं. कधी नव्हे ते येसबाची आणि भानाजीची माणसं एका अंगणात उभी राहिली. न्हाऊ घालून तिरडीवर ठेवलं. आमच्याकडं भावकीतल्या आणि शेजारपाजारच्या सुना तुळशीच्या पानानं मयताच्या तोंडात पाणी घालतात. ठकूची पाळी आली. आपल्याला घालवून द्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडात ती पाणी घालायला वाकली, आणि तिला त्यांचे हात दिसले. पहिल्यांदा ते घोंगडीच्या बाहेर होते. बोटं काळी पडली होती. चिकानं पडतात तशी. कातडं सुटून गेलेलं, जुने फोड, त्यांवर नवे फोड, अंगठ्याच्या बेचक्यात चीक वाळून डिंकासारखा बसलेला. ज्या माणसाच्या शेताला शेराचं कुंपण नाही, जो कित्येक सालं कोयता घेऊन रानात गेला नाही, त्याचे हे हात.

तिनं पाणी घातलं आणि ती मागं सरली. तिथं तिचं कोण ऐकणार होतं? कुणीतरी घाईनं शाल वर ओढली.

मर्तिकाहून परतणाऱ्यांना अंघोळीला पाणी लागतं, म्हणून सुनांना पाण्याला पिटाळलं. ठकू गेली, वेणू गेली, आणखी चार-दोघी गेल्या. घागरी भरून त्या परत फिरल्या. मधे करंजाच्या वळणावर, जिथं वाट सगळ्यात चिंचोळी झाली होती, तिथं समोर गावाकडून तिरडी आली.

तिरडी अडकली होती. पुढचे दोन खांदेकरी शेजारी शेजारी मावेनात. एक जण अंग तिरकं करून रेटायला गेला, शेर मोडला, चीक उडाला आणि तो डोळा धरून खाली बसला. दुसऱ्यानं धावत येऊन खांदा दिला. तिरडी कलली आणि सावरली. मागं फिरवता येईना, कारण उचललेली तिरडी मागं फिरवली तर घरातला आणखी एक जण जातो असं मानतात. खाली ठेवता येईना, कारण विसाव्याची जागा पुढं होती. भर दुपारी, गावाचा सगळ्यात मोठा माणूस खांद्यावर, आणि गाव जागच्या जागी उभं.

सरणाची लाकडं फोडायला कुऱ्हाड बरोबर होती. कुणीतरी म्हणालं, तोडा शेर.

तिरडीखालून येसबा म्हणाला, "भानाजी, तुझ्या अंगाचा तू तोड."

"मी तोडतो," भानाजी म्हणाला, "आन् उद्या तू चावडीत म्हण, लावला हुता म्हणून तोडला."

"मग मी तोडल्यावर तू काय म्हणशील?"

मागून एक म्हातारा खांदेकरी म्हणाला, "चावडीत कुणाला सांगताय बाबांनो? चावडी खांद्याव हाय. माझा खांदा मोडाय लागलाय."

तरी दोघं हलले नाहीत. कुऱ्हाड हातात घेणं म्हणजे आळ घेणं. आपल्या बांधाचा एक दांडा तोडला की इतक्या वर्षांचं भांडण हरलं. त्यापरीस मढं उन्हात राहिलेलं बरं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आमच्या गावाची जात आहे ही, मी नाकारत नाही.

ठकूनं घागर खाली ठेवली. सासरा समोर, गाव समोर, नवी सून. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बोलली. "मामंजी, तुमी लावला न्हाई. त्यांनीबी लावला न्हाई. लावला त्यो तुमच्या खांद्याव हाय."

मग तिनं थोरल्यांचं नाव घेतलं. जे नाव म्हातारी माणसंही घेत नव्हती ते त्या पोरीनं घेतलं. अहो नाही, जाहो नाही, नुसतं नाव.

येसबा तिच्या अंगावर धावणार होता असं सांगतात. पण तिरडीखाली होता, खांदा सोडता आला नाही. ती म्हणाली, "मला दसऱ्याला घालवायचं तर घालवा. आदी हात बघा."

कुणी शाल उचलेना. शेवटी तो मघाचा म्हातारा, खांदा मोडाय लागला म्हणणारा, त्यानंच मोकळ्या हातानं शाल ओढली. हात बघितले. खांदेकऱ्यांनी बघितले, मग मागच्यांनी माना लांब करून बघितले. बोलायला त्या हातांशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि ते हात आता उत्तर देणार नव्हते. येसबानं भानाजीकडं बघितलं. भानाजीनं येसबाकडं. आषाढातली ती खोळ दोघांच्याही डोळ्यांपुढं आली असणार.

तरीही कुऱ्हाड कुणी उचलली नाही. आता शरमेनं.

तेव्हा ठकूनं तिरडीकडं पाठ केली, कमरेवर हात ठेवले आणि कोपरं बाहेर काढून शेरात घुसली. एक बाजू तिच्यानं मोडली, दुसरी मोडेना. मग वेणूनं आपली घागर उतरवली. भानाजीची सून, जी तिच्याशी कधी बोलली नव्हती, ती येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. तिनंही कमरेवर हात ठेवले. एकीचं कोपर वरच्या मळ्याच्या शेरात, एकीचं खालच्या मळ्याच्या शेरात. दोघी चालत राहिल्या. कांड्या कडाकडा मोडत होत्या, चीक लुगड्यांवर गळत होता. त्यांच्या मागून तिरडी गेली. तिरडी मागं फिरली नाही, सुना फिरल्या, असं आमच्याकडं अजून म्हणतात.

नदीला पोचल्या तेव्हा ठकूचा उजवा डोळा मिटला होता. तो परत उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी येसबा आणि भानाजी एकाच वेळी कोयते घेऊन आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आता शेर तोडण्यात हार नव्हती, कारण लावणारा सरणावर जळून गेला होता. सुनांनी मोडला होता तेवढ्या रुंदीनं दोघांनी वेशीपासून नदीपर्यंत शेर मागं घेतला. दसरा आला आणि गेला. ठकूला माहेरी पोचवायची गोष्ट कुणी काढली नाही. दिवाळीला तिचा बाप न्यायला आला तेव्हा सासू, ती भित्री सासू, दारात उभी राहून म्हणाली, "चार दिसांनी परत आणून सोडा. हिचा पाय हितं नांदायचा हाय."

पाय नांदला ती पाणंद. आमच्या गावात हा शब्द असा आला, असं सांगतात. पाहुण्यांच्या पुस्तकात दुसरं काही असेल, भाऊजी पाणी म्हणतात. शब्दावरून मी कुणाशी भांडत नाही. माझं भांडण माणसावरून आहे.

कारण पुढं थोरल्यांच्या मुलानातवंडांनी पाणंदीच्या तोंडाशी घुमटी बांधली. शेंदूर लावला. आणि गोष्ट फिरवली. आता असं सांगतात की थोरले निर्दोष होते, आणि मेल्यावर गावाची भांडणं मिटावीत म्हणून त्यांनी आळ आपल्यावर घेतला. मग ते काळे हात? तर म्हणे, ते लोकांच्या चामखिळींवर शेराचा चीक लावायचे. मी पाहुण्यांसमोरच भाऊजींना विचारलं, "एवढ्या चामखिळी कुणाला होत्या गावात?" भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्या पोरीला घालवणार होते. तिनं काय, कुणाचंही नाव घेतलं असतं. मेलेल्याचं घेतलं, कारण मेलेला उलटून बोलत नाही."

हेच ते. हेच ऐकून पाहुण्यांनी पुन्हा माना हलवल्या. ठकू चतुर होती, खोटारडी होती, पण गावाचं भलं झालं, आता घुमटीला पाया पडा. डोळा गेला त्या बाईचा, आणि घुमटी कुणाची?

मी म्हटलं, "मग थोरले गेल्यावर शेराची नवी ओळ एकदाही का आली नाही?" तर म्हणाले, "सगळे राखण करायला लागले म्हणून." याला काय करायचं? संशय घ्यायचाच झाला तर कशावरही घेता येतो. मग माझाही एक आहे तो लिहून ठेवते. भांडण मिटलं असतं तर चावडीच्या ओट्यावर कोण गेलं असतं? तूप कुणाला मिळालं असतं? थोरलेपण कुठं राहिलं असतं? सगळ्या वाकुर्शीत वाट अरुंद झाल्यानं कुणाचंही काही वाढलं नाही, फक्त त्यांचं वाढलं.

लोक म्हणतील ही थोरल्यांच्या घराण्यावर जळते. तर हेही लिहिते, की माझा नवरा त्याच घराण्यातला आहे. भाऊजीही. घुमटीला दिवा लावायची पाळी आमच्याकडं येते तेव्हा मी लावते, पण हात जोडत नाही. मी लग्न होऊन आले त्या साली पाणंदीतून चालले आहे. कोपर शेराला लागतं तेव्हा कसं लागतं ते मला ठाऊक आहे.

आजही सर्वपित्रीच्या सकाळी गावातल्या दोन नव्या सुना, एक वरच्या आळीची आणि एक खालच्या आळीची, कमरेवर हात ठेवून वेशीतून निघतात. मागं सगळं गाव असतं. कुणाच्या बांधाला कोपर लागलं की दोघी थांबतात आणि विचारतात, "कुणी लावला?" लावणारा समोरच उभा असतो, सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचं नाव कुणी घेत नाही. त्यानं स्वतः पुढं यायचं, त्या एकाच मेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि मुकाट्यानं आपला शेर तोडायचा. भांडण नाही, चावडी नाही.

यंदा करंजाच्या वळणावर कोपर लागलं ते भाऊजींच्या बांधाला. पावसाळ्यात शेर हातभर पुढं आला होता. आपोआप आला असेल, शेर काय, धावतो. सुना थांबल्या. एकीला हसू फुटत होतं, दुसरीनं आपलं दाबलं. "कुणी लावला?"

भाऊजी पुढं आले. टोपी इस्त्रीची होती, हातात कोयता. घुमटी तिथून दिसते. त्यांनी तिकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी पदर खोचून उभी होते, मला घाई नव्हती. शेवटी खाली मान घालून त्यांनी घेतलं ते नाव. आमच्या घराण्याच्या मूळ पुरुषाचं नाव, अहो नाही, जाहो नाही, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

"दावजी."